चार वाजून दहा मिनिटांचा वाचक

"माझा ब्लॉग वाचत नाही असा माणूस दाखवा, मिशी उतरवतो!"

गुरुलिंगच्या दुकानात उभं राहून विष्णुपंतांनी छाती ठोकून हे सांगितलं, तेव्हा दुकानात चार माणसं होती आणि चौघांपैकी एकानंही तो ब्लॉग वाचलेला नव्हता. म्हणजे मिशी चारदा उतरायला हवी होती. पण विष्णुपंतांना मिशीच नव्हती, म्हणून प्रकरण जागच्या जागी मिटलं.

विष्णुपंत म्हणजे तुळजापुरातले निवृत्त आवक-जावक कारकून. छत्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. आलेल्या कागदाला आवक क्रमांक, गेलेल्या कागदाला जावक क्रमांक. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या गोष्टी होत्या: नोंद झालेल्या आणि न घडलेल्या. स्वतःच्या लग्नात अक्षता पडल्या पडल्या त्यांनी भटजींना पोच मागितली होती म्हणतात. मी तिथं नव्हतो, पण पोच मी पाहिलेली आहे!

निवृत्त झाल्यावर त्यांनी 'कारकुनाची कैफियत' नावाचा ब्लॉग काढला. त्यात रोज एक गोष्ट. तामलवाडीच्या शिवारात बिबट्या आडवा आला, पंतांनी चष्मा सावरून त्याला विचारलं, "अर्ज आणलाय का?" बिबट्या मान खाली घालून माघारी गेला! शेवटी टीप: 'सदर घटनेबाबत बिबट्याकडून आजपर्यंत हरकत प्राप्त नाही.'

गुरुलिंगचं दुकान ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं. माणूस पंचेचाळिशीचा, तोंडात कायम पान, आणि पानापेक्षा जास्त रंग जिभेवर. तो म्हणाला, "पंत, मिशीची पैज कशाला? मोजूच की. ब्लॉगला मोजणी लावता येते. कोण आलं, कुठल्या गावाहून आलं, किती वाजता आलं, किती वेळ थांबलं, सगळं दाखवते."

पंतांनी चष्मा सावरला. "म्हणजे... आवक रजिस्टरच की रे!"

मोजणी लागली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आकडा आला: त्र्याऐंशी! पंतांनी पेढे आणले. गल्लीतल्या अकरा घरांत वाटले. बारावं घर बंद होतं, तिथं कडीला पुडी अडकवली. बायको शामलाबाई म्हणाल्या, "अहो, सातवा वेतन आयोग लागला तेव्हा सुद्धा तुम्ही गूळच वाटला होता!"

तेवढ्यात गुरुलिंग आला. पेढा तोंडात टाकला, संगणकात डोकावला आणि पेढा तसाच गालात ठेवून म्हणाला, "पंत, यातले एक्क्याऐंशी तुम्हीच की!"

"मी?"

"दर पाच मिनिटाला उघडून बघताय, किती झाले म्हणून. ते बी मोजतंय ना यंत्र!"

"बरं. दोन उरले."

"एक अमेरिकेचं यंत्र हाय. त्याला मराठी येत न्हाय. ते जगातल्या सगळ्या दारांच्या कड्या वाजवत फिरतंय."

पंत खुर्चीत असे बसले, जसा उन्हाळ्यात माठ बसतो. "आणि शेवटचा?"

"नागपूर. दुपारी चार वाजून दहा मिनिटं. बावीस मिनिटं थांबलं होतं."

शामलाबाईंच्या हातातलं पेढ्याचं ताट एकदम खाली टेकलं. गुरुलिंगनं पेढा गिळला. नागपुरात कोण राहतं, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं आणि त्या घरात ते नाव नऊ वर्षं कुणी घेतलेलं नव्हतं.

नागपुरात मैथिली राहत होती. पंतांची एकुलती एक लेक. कॉलेजात बरोबर शिकलेल्या बेंबळीच्या अमरदीपशी तिनं लग्न करायचं ठरवलं. मुलगा बौद्ध घरातला, हुशार, नागपुरात चांगल्या नोकरीला. लग्नाआधी त्याचे आईवडील, ज्ञानोबा आणि चांगुणाबाई, पेढ्यांचा पुडा घेऊन रीतसर दारात आले. पंत उंबऱ्यावर उभे राहिले. आत या म्हणाले नाहीत, बसा म्हणाले नाहीत, पाणी विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "आमच्यात असलं चालत नाही." आणि दार लावलं. महिनाभरानं मैथिली गेली. जाताना पाया पडायला वाकली, तर पंतांनी पाय मागं घेतले.

त्या नऊ वर्षांत शामलाबाई शेजारच्या अश्लेषाच्या फोनवरून महिन्यातून एकदा लेकीशी बोलत. पंतांना ते माहीत होतं. ते त्या वेळी मुद्दाम देवळात जात. "तुम्हीच एकदा फोन करा ना," असं शामलाबाईंनी म्हटलं की पंतांचं उत्तर ठरलेलं. "तिकडून काही आल्याशिवाय इकडून कसं जाणार? आवक नाही तर जावक कसली?"

आणि आता नोंद आली होती. आवक! नागपूर!

गुरुलिंग चपला घालता घालता म्हणाला, "पंत, गावाच्या नावावर लई विसंबू नका हां. कधी कधी यंत्र..."

"नोंद आहे ना?"

"हाय, पण..."

"मग विषय संपला!"

पंतांनी नवं कोरं रजिस्टर आणलं. रोज दुपारी चारला ते आंघोळ केल्यासारखे ताजे होऊन संगणकापुढं बसत. चार दहाला नागपूर आलं की लाल शाईनं नोंद. एकदा चार वाजून चौदा मिनिटं झाली तरी नागपूर येईना. पंतांनी घाबरून देवीला नारळ बोलला. सोळाव्या मिनिटाला आलं. नारळ फोडला!

"मी विचारू का तिला?" शामलाबाई म्हणाल्या.

"खबरदार! विचारलंस तर लाजून यायची बंद होईल. तिचा स्वभाव माझ्यावर गेलाय."

"तेच तर दुखणं आहे," शामलाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

मग बिबट्या मागं पडला. पंत लिहू लागले, परसातल्या सीताफळाला यंदा फळ धरलं. नागपूर अठरा मिनिटं थांबलं. पंत लिहू लागले, घरातल्या एका जुन्या सायकलची घंटी अजून वाजते. नागपूर पंचवीस मिनिटं! "बघितलंस? घंटीवर रडली असणार," पंत म्हणाले आणि स्वतःच नाक पुसलं. सर्दीची नोंद मात्र वेगळ्या रकान्यात केली.

शेवटी एका गुरुवारी त्यांनी जावक काढलं. मथळा दिला: 'नागपूरच्या वाचकास'. चार तास बसून बारा ओळी लिहिल्या. लिहिलं की, नऊ वर्षांपूर्वी माझ्या दारात माणसं उभी होती. मी त्यांना पाणी विचारलं नाही. छत्तीस वर्षं मी आलेल्या प्रत्येक कागदाला पोच दिली आणि आलेल्या माणसांना दिली नाही. चूक माझी आहे. रोज चार वाजून दहा मिनिटांनी येता, तसं या रविवारी घरी या. धपाटे आणि दही आहे.

नागपूर त्या दिवशी एक तास चार मिनिटं थांबलं.

रविवारी पहाटेपासून घरात लगीनघाई. शामलाबाईंनी धपाट्यांचा ढीग असा रचला की मागं उभी असलेली बाई दिसू नये. पंतांनी दाराच्या कड्या खोबरेल लावून चकचकीत केल्या. नवा सदरा घातला, घडीच्या रेषांसकट. साडेतीनपासून ते उंबऱ्यावर उभे. चार झाले. चार पाच. चार दहाला बरोबर एक रिक्षा थांबली.

रिक्षातून ज्ञानोबा उतरले. मागून चांगुणाबाई, हातात पिशवी. रिक्षा रिकामी झाली आणि निघून गेली.

पंत रस्त्याकडं बघत राहिले. दुसरी रिक्षा येईल म्हणून.

"रामराम न्हाय, जयभीम," ज्ञानोबा म्हणाले. एस.टी.त तीस वर्षं कंडक्टर होते, आवाज शेवटच्या सीटपर्यंत जाणारा. "बोलावलंत, म्हणून आलो."

"मी... मी नागपूरच्या वाचकाला..."

"आमीच की ते! रोज चार धाला चहा झाला की म्या वाचतो, ही ऐकते. हिला वाचता येत न्हाय, म्हणून दोनदा वाचावं लागतं. बावीस मिन्टं जातात."

"पण तुम्ही तर बेंबळीत!"

"आमच्या मोबाईलला कोण सांगणार? ह्या कंपनीचं सिम गाव नागपूरच दाखवतंय. त्यात हवामान बी नागपूरचंच दिसतंय. तिकडं पाऊस पडला की आमी हिकडं वाळवण आत घेतो!" ज्ञानोबा स्वतःच हसले आणि मग थांबले. "तुमचं पान अमरदीपनं लावून दिलं हुतं. म्हटलं बघावं, हा माणूस आमच्याबद्दल काय वंगाळ लिहितो का. लिहिलं असतं तर आलो असतो भांडायला. पण तुमी बिबट्याच्याच गप्पा हाणताय! हिला तो बिबट्या लई आवडला."

उंबरा तोच होता, माणसंही तीच होती.

चांगुणाबाई म्हणाल्या, "दादा, मागल्या खेपेला दारातनंच डबल बेल दिलीत. आता आधी पाणी आणा. नऊ वर्षांची तहान हाय."

शामलाबाई उठल्या, तर पंतांनी हातानं थांबवलं. स्वतः आत गेले. दोन तांबे, दोन पेले. बाहेर येईपर्यंत अर्धं पाणी नव्या सदऱ्यावर आणि उरलेलं पेल्यात. चांगुणाबाईंनी पेला रिकामा करून पुढं धरला. पंतांनी परत भरला. तिसऱ्यांदाही भरला.

"या. आत या," पंत म्हणाले. नऊ वर्षांनी पूर्ण झालेलं वाक्य होतं ते.

धपाटे वाढले. कुणी फारसं खाल्लं नाही. पिशवीतून चांगुणाबाईंनी शेंगदाण्याची चटणी काढली, ती मात्र संपली. शेवटी पंतांनी ताटाकडं बघत विचारलं, "तिनं... ती वाचते का?"

ज्ञानोबांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "न्हाय, पंत. तुमचं नाव निघालं की सूनबाई उठून आत जाते. पण परवाचं पान म्या तिला फोनवर वाचून दाखवलं. सगळं."

"मग?"

"ऐकून घेतलं. म्हणली, 'हे वाचकाला लिहिलंय, मामा. मला न्हाय. माझं नाव बी न्हाय त्यात.'"

मग शामलाबाई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेल्या आणि चांगुणाबाई न विचारता त्यांच्या मागं गेल्या. बाहेर दोन म्हातारे सीताफळाच्या झाडाबद्दल बोलत बसले, ज्याच्याबद्दल दोघांनाही काही बोलायचं नव्हतं.

पाहुणे गेल्यावर पंतांनी सवयीनं संगणक उघडला. आजचं नागपूर: शून्य. चार दहाला वाचक घरातच बसलेला, वाचणार कोण! पंतांनी रजिस्टर ओढलं. लाल शाईनं लिहिलं, 'आवक: दोन. समक्ष.'

त्या रात्रीपासून पुढं तीन दिवस पंतांनी एकच पान लिहिलं. पहिल्या दिवशी मथळा झाला: 'चि. सौ. कां.' तो खोडला. दुसऱ्या दिवशी 'विषय: क्षमेबाबत.' तोही खोडला. तिसऱ्या दिवशी नुसतं 'मैथिली' लिहिलं. नऊ वर्षांत ते अक्षर पहिल्यांदा हातून उतरत होतं, तेही टंकताना दोनदा चुकलं. खाली चार ओळी. तू वाकलीस तेव्हा मी पाय मागं घेतले, ते अजून तिथंच अडकलेत, असं काहीसं. बिबट्या नाही, टीप नाही.

ज्ञानोबांनी ते पान पुढं पाठवलं, तसा फोनही केला. "पाठवलंय, पंत. पुढचं तिच्या हातात."

मधल्या दिवसांत शामलाबाईंनी ज्ञानोबांच्या सल्ल्यानं स्वतःचा मोबाईल घेतला. सिमही ज्ञानोबांच्याच कंपनीचं, कारण त्यातला आवाज लई साफ येतो म्हणे.

सोमवारी नागपूर: एक. चार दहा. पंतांना आता माहीत होतं, हे नागपूर धाराशिवच्या अलीकडं आहे. मंगळवारी नागपूर: एक. बुधवारी एक. पंत नेमानं नोंद करत आणि दुसऱ्या रकान्यात बारीकशी रेघ ओढत, रिकामी.

गुरुवारी चार वाजून अकरा मिनिटांनी आकडा हलला.

नागपूर: दोन!

पंत उभे राहिले. खुर्ची मागं पडली. लाल पेन सापडेना, सापडलं तर टोपण निघेना! दुसरं नागपूर! मैथिलीचं पान! थांबलं किती? नऊ सेकंद. असू दे, नऊ सेकंद का होईना! नऊ वर्षांना नऊ सेकंद, दराचं जमतंय की! त्यांनी रजिस्टरात आकडा लिहायला हात टेकवला, तेवढ्यात स्वयंपाकघरातून शामलाबाईंची हाक आली.

"अहो! उघडलं बरं का मी! माझ्या मोबाईलवर उघडलं! पण अक्षर किती बारीक ठेवलंय तुम्ही, काही म्हणता काही दिसत नाही. लगेच बंद केलं."

पंतांनी पेन खाली ठेवलं. खुर्ची उचलली. मग जमेल तसं शोधून त्यांनी ब्लॉगचं अक्षर मोठं केलं. आणखी मोठं केलं. इतकं मोठं की 'मैथिली' या एका शब्दानं सगळा पडदा भरला.

"आता दिसतंय का गं?" त्यांनी विचारलं.

"आता तर बेंबळीहून सुद्धा दिसेल," शामलाबाई म्हणाल्या.

"बेंबळीचं नाही विचारत," पंत म्हणाले आणि उद्याच्या तारखेचं पान उघडून, चार वाजून दहा मिनिटांच्या पुढं, दोन रकाने आखून ठेवले.