पहिली ओळ बापाची

भोयर सरांच्या क्लासात नवा पोरगा आला आणि त्यानं स्वतःचं नाव सांगितलं की संपलंच. "तुहं नाव मंग सांग बे! पहिले बापाचं सांग!" असं हा माणूस त्याच्या अंगावर ओरडतो. अर्धी पोरं तिथूनच परत जातात.

उमरखेडच्या स्टँडमागं आमचा एकच गाळा, मधे प्लायवूडची भिंत. अलीकडे मी टायपिंग शिकवते, पलीकडे ते जावा नावाची कॉम्प्युटरची भाषा शिकवतात. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आता झोपेतही म्हणून दाखवीन, इतकं मेलं कानात बसलंय. त्यात क्लास म्हणजे प्रोग्रामचा साचा, आणि जुन्या क्लासपासून नवा क्लास काढायचा. जुना तो बाप, नवा तो पोरगा. बापाजवळचं सगळं पोराला आयतं मिळतं. फक्त पोरानं उभं राहताना पहिल्याच ओळीत बापाला हाक मारायची. सुपर लिहायचं आणि पुढं कंस. "पहिली ओळ बापाची!" म्हणून सर टेबलावर डस्टर आपटतात आणि इकडे माझ्या पोरींची बोटं चुकतात.

यंदा ढाणकीच्या एका पोरीनं तर कमालच केली. "चला, पहिले बापाले कॉल करा," सर म्हणाले. तिनं मोबाइल काढला आणि खरंच बापाला फोन लावला! "बाबा, सरांनी बोलावलं," एवढंच बोलली. दुपारी बाप दारात हजर. सोयाबीनची मळणी टाकून एसटीनं आलेला, डोक्यात भुसा.

"काय केलं जी पोरीनं?"

मी तर हसून हसून बेजार. सरांनी त्याला बसवलं, चहा पाजला, फळ्यावर सगळा बाप-लेकाचा व्यवहार समजावला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे पोरगी नापास नाई ना?"

"नाई हो."

"मंग जातो. थ्रेशर उभं हाय तिकडं."

तो गेल्यावर सर माझ्या दाराशी येऊन उभे राहिले. "मॅडम, मीबी असाच धावत गेलो असतो. पण हाक त मारली पाह्यजे ना कोणी."

कोणी म्हणजे मंगेशनं. सरांचा एकुलता एक. याच गाळ्यात जावा शिकला आणि पुण्याला कंपनीत लागला. गेल्या दिवाळीत घरी आला, तर सरांनी हट्ट धरला, नोकरी सोड, इकडं ये, क्लास सांभाळ. पोरगा चिडून गेला तो गेलाच. फोन करत नाही, यांचा उचलत नाही. बायको तर कधीच वारली. घरी भिंतींशी बोलणार का हा माणूस? जीव तुटतो हो माझा.

परवा पुढचा धडा होता. बापाचा कंस रिकामा असला, तर पोरगा हाक मारायला विसरला तरी चालतं. मशीनच बापाला बोलावून घेतं. पण बापानं कंसात काही मागून ठेवलं आणि पोरानं ते दिलं नाही, की एरर. पुढं काहीच चालत नाही.

"मंग चूक कोणाची, सर?" त्याच ढाणकीच्या पोरीनं विचारलं.

मी डस्टरची वाट पाहत होते. ते आपटलंच नाही.

"बापाची," सर म्हणाले. "कायले मांगा लागते बापानं? कंस रिकामाच ठेवा लागते."

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. सर धडपडत बाहेर आले. "नवा नंबर हाय, मॅडम!" म्हणत माझ्या दारातच उभे राहिले.

"मंगेश? ठेवू नको बाप्पा! मले काई नको. इकडं येऊ नको, क्लास नको, काईच नको मले. तू नुसता बोल."

पलीकडून टेप केलेला बाईचा आवाज मला खुर्चीवर ऐकू येत होता. आवडीचं गाणं कॉलर ट्यून म्हणून लावायचं असेल, तर एक दाबा.

"ठेवा न सर आता," मी म्हटलं.

सरांनी हातानंच मला गप्प केलं आणि त्या बाईचं बोलणं संपेपर्यंत फोन कानाला लावून उभे राहिले.