पशुरजेचा अर्ज

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सकाळी सात वाजता जयराज निकम सर अंगात रेनकोट, हातांत लोकरी मोजे आणि डोक्यावर हेल्मेट घालून स्वतःच्याच न्हाणीघरात शिरले आणि त्यांनी आतून कडी लावली. बाहेर पावसाचं नाव नव्हतं. सरांना कुठे जायचंही नव्हतं. एका मांजराच्या डोळ्यात दोन थेंब औषध घालायचं, एवढंच काम होतं.

आष्ट्याच्या हायस्कुलात पाचशे पोरांची प्रार्थना माइकशिवाय चालवणारे मुख्याध्यापक निकम सर सव्वादोन किलोच्या त्या मांजरापुढे शुक्रवारपासून हरत आले होते. आज त्यांनी एक थेंब मांजराच्या डोळ्यात घातला आणि एक स्वतःच्या. हेल्मेटची काच उघडी राहिली होती.

"पडलं का?" बाहेरून संयोगिताबाईंनी विचारलं.

"निम्मं," सर पुटपुटले.

"मग निम्मं बरं होईल की. मी निघाले बघा. पोस्टात आज पेन्शनवाल्यांची गर्दी हाय."

"अगं, तू चार दिवस रजा काढली असतीस तर..."

"आवं, माझ्या रजा संपल्यात. आन् लेक तुमची, सही तुमची, मांजरं बी तुमचीच."

सही सरांचीच होती, हे खरं. लेक अंकिता सांगलीत शिकायला होती आणि तिथल्या भटक्या जनावरांच्या एका शेल्टरमध्ये मदतीला जात होती. परीक्षेसाठी पुण्याला जाताना ती बुधवारी एका टोपलीत दोन मांजरं घेऊन आली आणि म्हणाली, "पप्पा, स्वतःचं घर असलेला माणूसच दत्तक घेऊ शकतो. फक्त इथं सही करा." वाचल्याशिवाय कशावरही सही करू नये, असं सर गेली एकोणीस वर्षं दहावीच्या पोरांना सांगत आले होते. त्यांनी न वाचता सही केली. पोरीनं गळ्यात हात टाकला होता ना.

मांजरांची नावंही सरांनीच ठेवली. एक सारखं पायात घोटाळायचं, ते 'हजर'. दुसरं कपाटामागून बाहेरच यायचं नाही, ते 'गैरहजर'. दोनच दिवसांत दोघं शिंकायला लागली. गैरहजरचा डावा डोळा चिकटून बंद झाला आणि त्यानं खाणं सोडलं. सर टोपली घेऊन सांगलीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"मांजरांचा हर्पीस आहे," बाई म्हणाल्या. "माणसाला होत नाही, घाबरू नका. शेल्टरमधल्या बऱ्याच मांजरांच्या अंगात हा असतो. जन्मभर राहतो. एरवी दबून असतो, पण नवीन घर, नवीन माणसं, आरडाओरडा, असं टेन्शन आलं की उफाळतो. मोठ्याचं आपोआप निभावेल. या बारक्याच्या बुबुळावर मात्र जखम आहे. दर चार तासांनी थेंब. न चुकता आठ दिवस. चुकलात तर डोळा जाईल."

"आणि खाणं?"

"नाक चोंदलंय, वास कळत नाही म्हणून खात नाही. वाफ द्या. खाणं कोमट करा, उग्र वासाचं द्या. आणि घरात शांतता ठेवा. तुमचा आवाज नेहमी एवढाच असतो का हो?"

सरांनी मान खाली घातली. तेव्हापासून ते घरात कुजबुजत होते. उग्र वासाचं म्हणून त्यांनी पहिल्या दिवशी दूधभातावर हिंगाची फोडणी घातली. गैरहजर त्यावर ओळीनं अकरा वेळा शिंकलं आणि पुन्हा कपाटामागे गेलं. अकरा, कारण सरांनी शिंका मोजल्या. शनिवारी शाळेपायी अकराचा डोस चुकला आणि संध्याकाळपर्यंत तो डोळा सुजून लालभडक झाला. त्या रात्री सरांना जेवण गेलं नाही. आपल्या घड्याळी शिस्तीचा एवढा डांगोरा पिटणारा माणूस एका डोळ्यापुरताही वक्तशीर राहू शकला नाही, याची त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

रजा काढणं भाग होतं, आणि घोडं नेमकं तिथंच पेंड खात होतं.

निकम सर रजा देत नसत. स्वतः घेतही नसत. त्यांनी हर्नियाचं ऑपरेशन दिवाळीच्या सुट्टीत बसवलं होतं. जूनमध्ये शाळेचा शिपाई धनाजी त्यांच्याकडे आला होता. "सर, म्हस व्यायला झालीया. कारभारीण माहेरी गेलीया. एक दिस सोडा." सरांना त्या दिवशी फार विनोद सुचत होते. त्यांनी केबिनमध्ये बसून स्वतः एक नमुना टाइप केला: 'पशुरजेचा अर्ज. १. जनावराचे नाव. २. जात. ३. वय. ४. आजाराचे स्वरूप. ५. अर्जदाराशी नाते. ६. जनावराची काळजी घेण्यास अन्य कोणी नातेवाईक उपलब्ध आहे काय?' खाली टीप: 'क्र. ६ चे उत्तर होय असल्यास रजा नामंजूर समजावी. नाही असल्यास मंजूर करण्यात येईल.' धनाजीनं तो अर्ज खाली मान घालून, एकेक रकाना नीट भरून दिला. सरांनी नाव 'गंगी' एवढंच वाचलं, हसले आणि लाल शाईनं शेरा मारला: 'म्हैस सज्ञान आहे. नामंजूर.' कोरा नमुना त्यांनी स्टाफरूमच्या बोर्डावर लावला. सगळा स्टाफ आठवडाभर हसत होता. धनाजी घंटा वाजवत होता.

तर त्या सोमवारी सकाळी सरांनी मंगल मॅडमना फोन लावला. मॅडम शाळेतल्या सगळ्यांत ज्येष्ठ. "मॅडम, मी आठ दिवस येत नाही. घरात आजारपण आहे," सर कुजबुजले. तेवढ्यात हजर फोनच्या वायरीशी झोंबायला लागलं आणि सरांनी घाईनं फोन ठेवला.

एकोणीस वर्षांत पहिली रजा, तीही आठ दिवसांची, आणि सरांचा आवाज असा खोल गेलेला! दहाच्या आत शाळेत सगळ्यांची खात्री पटली की काहीतरी भयंकर आहे. आपल्याकडे कुणी आजारी पडलं की भेटायला जावंच लागतं. आजाऱ्याला विश्रांती मिळाली नाही तरी चालतं, पण भेटायला कोण आलं नाही हे मात्र जन्मभर लक्षात राहतं. श्रावणी सोमवारची अर्धी शाळा सुटताच अकराजणांचा स्टाफ केळी, शहाळी आणि बिस्किटाचे पुडे घेऊन निघाला आणि पावणेतीनला सरांच्या दारात उतरला. ओझं उचलायला धनाजी होताच.

दार नुसतं लोटलेलं होतं. मंडळी आत आली, चपला वाजू नयेत म्हणून काळजी घेत रांगेनं बसली. न्हाणीघरातून वाफ येत होती आणि सरांचा आवाज, असा मऊ की कुणी कधी ऐकला नव्हता.

"श्वास घे, राजा. घाबरू नकोस. चुकलं माझं. परवा मीच चुकलो."

मंगल मॅडमनी पदर डोळ्याला लावला. गणिताच्या सरांनी उगाचच भिंतीकडे पाहिलं. मग कडी निघाली आणि वाफेच्या लोटातून रेनकोट, मोजे आणि हेल्मेट घातलेले निकम सर बाहेर आले. त्यांच्या काखेत टॉवेलात गुंडाळलेलं एक मांजर होतं.

सगळ्यांनी आधी मांजराकडे पाहिलं, मग सरांच्या मागे रिकाम्या न्हाणीघराकडे.

"सर... पेशंट कुठंय?" मंगल मॅडमनी विचारलं.

सरांना खोटं बोलता आलं असतं. पण गैरहजरनंच शिंकून हजेरी दिली. अकरा माणसं एकदम उठली, शहाळी गडगडली, आणि गैरहजर टॉवेलातून सुटून सोफ्यावरून, पडद्यावरून थेट कपाटावरच्या बॅगांच्या मागे जाऊन बसलं. घड्याळात तीनला पाच कमी होते. तीनचा डोस होता.

"मांजर?" कुणीतरी हळूच म्हणालं. "सरांनी मांजरासाठी रजा काढली?"

सरांनी हेल्मेटच्या आतून सगळ्यांकडे पाहिलं. हसावं की नाही, हे ठरत नसलेले अकरा चेहरे. आणि दाराशी केळ्यांचा घड धरून उभा असलेला धनाजी. तो हसत नव्हता. त्यामुळेच सरांना हेल्मेट काढवेना.

"व्हय, मांजरासाठी," सर म्हणाले. सरांच्या तोंडून 'व्हय' निघालेलं शाळेनं पहिल्यांदाच ऐकलं. "तीनला थेंब पडले नाहीत तर डोळा जाईल त्याचा. हसायचं तर नंतर हसा. आधी ते खाली कसं आणायचं सांगा."

मग प्रत्येकानं उपाय सांगितला. पीटीच्या सरांनी शिट्टी काढली, ती सरांनी झडप घालून हिसकावली. खुर्चीवर स्टूल चढवलं, स्टुलावर सर चढले, आणि गैरहजर आणखी मागे सरकलं. तीन वाजून गेले.

"सर, उतरा खाली," धनाजी म्हणाला. त्यानं घड टेबलावर ठेवला. "सगळ्यास्नी भाईर काढा. आन् ते टोपडं काढा आदी. जित्राबाला मानसाचं तोंड दिसाया पायजे."

स्टाफ अंगणात गेला. सरांनी हेल्मेट काढलं. धनाजी फरशीवर मांडी घालून बसला, कपाटाकडे पाठ करून. "त्याच्याकडं बगू नगा. आपुन घाबरलो की त्ये बी घाबरतंय. खातंय का?"

"वासच येत नाही त्याला."

"मग वास मोठा करायचा. बोंबील हायत का घरात?"

"धनाजी, आज सोमवार आहे. श्रावणातला!"

"सर, उपास तुमचा हाय. त्याचा न्हवं."

खिडकीबाहेर मंगल मॅडम खाकरल्या. मॅडमचा श्रावण म्हणजे गावात दाखला देण्यासारखा. "माझ्या घरी असतील थोडे," त्या म्हणाल्या. "म्हणजे, आमच्या ह्यांचे. डब्यात. दोन गल्ल्या सोडून तर घर आहे." आणि कुणी काही विचारायच्या आत त्यांची स्कूटी चालूही झाली.

सव्वातीनला निकम सरांच्या गॅसवर बोंबील भाजायला लागले. वास खिडकीतून अंगणात गेला, अंगणातून गल्लीत गेला. शेजारच्या दोन घरांच्या खिडक्या धाडकन बंद झाल्या. अंगणातल्या अकरा उपाशी शिक्षकांपैकी निदान पाचांनी आवंढा गिळला. नेमक्या त्याच वेळी संयोगिताबाई पोस्टातून लवकर सुटून फाटकात आल्या. त्यांनी अंगणातला स्टाफ पाहिला, वास घेतला, खिडकीतून रेनकोटमधला नवरा पाहिला.

"आवं, शाळा हितं भरवली का काय? आन् सोमवारचं ह्ये काय शिजवलंय?"

"श्शू!" अकराजण एकदम म्हणाले.

कपाटावर बॅगा हलल्या. आधी एक मिशी दिसली, मग मिटलेला डोळा. तीन दिवसांचं उपाशी गैरहजर एकेक पायरी उतरल्यासारखं कपाटावरून टेबलावर, टेबलावरून फरशीवर आलं आणि धनाजीच्या मांडीवर चढून बोंबील खायला लागलं. धनाजीनं त्याच्या मानेवरून सावकाश हात फिरवला, हनुवटी किंचित वर धरली. "घाला सर. मोजं काढून घाला."

सरांनी उघड्या हातानं थेंब घातले. दोन्ही थेंब डोळ्यातच पडले.

सरांना त्या वेळी रडू आलं. हे कुणाला दिसू नये म्हणून ते गॅस बंद करायला गेले. धनाजीच्या लक्षात आलं होतं, पण तो मांजराशीच बोलत राहिला.

उरलेले सात दिवस धनाजी शाळेआधी आणि शाळा सुटल्यावर येत होता. पाचव्या दिवशी डोळा किलकिला झाला, आठव्या दिवशी उघडला. डॉक्टरीणबाईंनी फोटो बघून सांगितलं, "डोळा वाचला. पण रोग अंगात राहणारच. पुन्हा टेन्शन देऊ नका."

सर शाळेत गेले तर टेबलावर संस्थेच्या सेक्रेटरींची चिठ्ठी: 'रजेचे कारण लेखी द्यावे.' शाळा सुटता सुटता सरांनी कोरा कागद घेतला, दोनदा 'घरगुती' लिहून खोडलं. मग उठून स्टाफरूममध्ये गेले, सगळ्यांदेखत बोर्डावरचा तो नमुना काढून आणला आणि भरायला बसले. नाव, जात, वय, आजार. पाचव्या रकान्याशी पेन अडलं. अर्जदाराशी नाते. 'पाळीव' लिहिलं, खोडलं. 'मुलीची मांजरे' लिहिलं, तेही खोडलं.

"धनाजी," त्यांनी हाक मारली, हळूच. "तू गंगीच्या वेळी इथं काय लिहिलं होतंस?"

"घरातली."

सरांनी 'घरातले' लिहिलं. सहावा रकाना: अन्य कोणी नातेवाईक उपलब्ध आहे काय? सरांनी थोडा विचार केला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'होय. श्री. धनाजी मोहिते.' मग त्यांची नजर खाली, स्वतःच टाइप केलेल्या टिपेवर गेली. होय असल्यास नामंजूर. त्यांनी लाल पेन उचललं आणि स्वतःच्याच अर्जावर शेरा मारला: 'नामंजूर. रजा बिनपगारी धरावी.'

धनाजी वाकून वाचत होता. "सर, एक इचारू? मी तवा सहाला 'न्हाई' लिवलं हुतं. कारभारीण घरी न्हवती."

सरांनी फाइल काढली. लिहिलेलं होतं, 'नाही'. ठळक.

"म्हणजे तुझी मंजूर व्हायला हवी होती."

"व्हय की. रेडकू धडधाकट झालं, देवाची किरपा. पर मी येळंवर न्हवतो ना. तवापास्नं गंगी मला धार काढू देत न्हाई. हात लावला की लाथ मारती. तिनं बी नामंजूर केलंया मला."

सरांनी तो जुना अर्ज पुढे ओढला, लाल शेरा खोडला आणि 'मंजूर' लिहून सही केली. या वेळी पूर्ण वाचून. "जा धनाजी. आज जा. तिची समजूत काढ."

धनाजी हलला नाही. "माझ्या एकट्याच्यानं व्हनार न्हाई, सर. नामंजूर तुमी केली हुती. तिच्याम्होरं तुमीच चला."

सरांनी घड्याळ पाहिलं. धारेची वेळ व्हायला अजून तासभर होता. ते उठले, खुर्ची आत सरकवली आणि खुंटीवरचं हेल्मेट काढून हातात घेतलं.

"ते ऱ्हाऊ द्या हितंच," धनाजी म्हणाला. "तिला बी तोंड दिसाया पायजे."

सरांनी हेल्मेट परत खुंटीला लावलं आणि ते धनाजीच्या मागून निघाले.