दाराआडची बाई

घरात शिस्त कशी लावावी हे कुणाला शिकायचं असेल तर त्याने माझ्याकडे यावं. आमच्याकडे मी काम करत असले की पंखा बंद, टीव्ही बंद आणि सासूबाईंचं खोकणंसुद्धा पदराआड. उगाच नाही सांगत, सत्तावीस वर्षं अभिनयात घालवलेली बाई आहे मी.

आता घालवली म्हणजे कशी, तेही ऐका. पडद्यावर मी नर्स झाले, साक्षीदार झाले, दोनदा प्रेत झाले आणि एकदा नायिकेच्या मावशीचा भिंतीवरचा फोटो झाले. रंगमंचावर ‘बाईसाहेब, पाहुणे आलेत’ हे वाक्य चारशे प्रयोगांत एकदाही न चुकता म्हटलं. पण आवाजाच्या कामात मात्र मला तोड नाही. कार्टूनमधली खार मी, कपड्यांच्या साबणाची जाहिरात मी, ‘दरवाजा बंद होत आहे’ म्हणणारी लिफ्टही मीच. रोज हजारो माणसं मला ऐकतात आणि ओळखत एकही नाही.

हे आवाजाचं काम मी घरीच करते. अडगळीच्या खोलीत चारी भिंतींना आणि दाराला जुन्या रजया ठोकल्या आहेत, स्टुलावर माईक आहे आणि दाराबाहेर लाल दिवा. दिवा लावून मी आत गेले की आत कुणाचा मुडदा पडला तरी दार उघडायचं नाही, असा माझा कायदा. मागच्या वर्षी आमच्या ह्यांनी ‘चहा घेतेस का?’ म्हणून दार उघडलं आणि माझं दिवसभराचं काम वाया गेलं. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तेव्हापासून ते त्या दाराजवळून चपला हातात घेऊन जातात.

त्या दिवशी पाच वाजता माझ्या आयुष्यातली पहिली मोठी भूमिका ठरणार होती. नव्या नाटकातली आई. पहिल्यापासून शेवटपर्यंत रंगमंचावर, आणि पाहुणे आल्याचं दुसरंच कुणीतरी सांगणार. दिग्दर्शक बजावून म्हणाला होता, ‘‘बाई, तुमच्याकडे पन्नास आवाज आहेत. मला एकावन्नावा हवाय, तुमचा स्वतःचा. आणि उशीर मला चालत नाही.’’

तीन वाजता मी म्हटलं, जाता जाता हातातलं काम उरकावं. एका परदेशी मालिकेत तळघरात कोंडलेली एक बाई होती. चार दिवस मी तिच्या वतीने ‘दार उघडा, मला बाहेर काढा’ म्हणून ओरडत होते. शेवटचे दोन हुंदके राहिले होते. ते दिले, झकास झाले. मग बाहेर पडायला दाराची मूठ फिरवली आणि ती माझ्या हातात आली.

मूठ माझ्या हातात, दार जागच्या जागी. फोन बाहेर, कारण फोन आत न्यायचा नाही हाही माझाच कायदा. मी दारावर थापा मारल्या, पण रजईवर मारलेल्या थापेचा आवाज तो काय होणार? शेवटी मी जोरात ओरडले, ‘‘दार उघडा, मी आत अडकलेय.’’

बाहेर पावलं वाजली. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात दाराच्या फटीतून ह्यांचा दबका आवाज आला, ‘‘आई, मिक्सर बंद कर. तिचं काम ऐन रंगात आलंय.’’

‘‘अहो, काम नाही हो, खरंच अडकलेय.’’

‘‘आज जरा बरं करतेय,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘काल अगदीच ओढूनताणून वाटत होतं.’’

मग मी ठरवलं की मालिकेतल्या बाईला ठाऊक नसेल असं काहीतरी बोलायचं. मी ओरडून सांगितलं की सासूबाईंनी दिलेले जांभळे पडदे धोब्याने हरवले नाहीत, मीच मैत्रिणीला देऊन टाकले. ह्यांचे केस आवळ्याच्या तेलाने काळे राहिलेले नाहीत, कलपाच्या बाटलीने राहिलेत, हेही सांगितलं.

आता दार उघडणार म्हणून मी पदर सावरला.

‘‘ह्या मालिकावाल्यांना आपल्या घरातल्या गोष्टी सांगतं कोण रे?’’ सासूबाईंनी विचारलं.

‘‘घरोघरी मातीच्या चुली, आई. सगळीकडे असंच असतं,’’ हे म्हणाले, आणि दोघं हळूच निघून गेली.

पाच वाजले. बाहेर माझा फोन वाजला आणि ह्यांनी कुजबुजत सांगितलं, ‘‘ती कामात आहे, मध्येच उठवता येत नाही.’’ मी खाली बसले. रडू कोसळलं, अगदी खरं.

नाटकाची तालीम दोन गल्ल्या सोडून होती. साडेपाचला दिग्दर्शक तणतणत घरी आला. हे त्याला तोंडावर बोट ठेवायला सांगत होते आणि तो म्हणत होता, ‘‘माझी पाच मिनिटं फुकट गेली तरी मी माणूस बदलतो. बाईंनी अर्धा तास घालवला.’’

त्याचा आवाज ऐकला आणि माझा बांध फुटला. मी दाराला तोंड लावून बोलत सुटले. म्हटलं, सत्तावीस वर्षं मी दाराआडच आहे. दुसऱ्यांचे ओठ हलतात आणि आवाज माझा असतो. लिफ्टमध्ये माझीच भाची मला ऐकते आणि म्हणते, ही बाई किती कंटाळवाणी बोलते. एकदा, फक्त एकदा, मला तोंडासकट बाहेर यायचंय. दार उघडा हो. काय काय बोलले मला आठवतही नाही.

बाहेर कुणीतरी नाक शिंकरलं. ‘‘हाच,’’ दिग्दर्शक घोगऱ्या आवाजात म्हणाला. ‘‘हाच आवाज मला हवा होता. काय अभिनय करते ही बाई. भूमिका हिचीच.’’

‘‘मग दार उघडा,’’ मी किंचाळले.

‘‘दिवा लागलेला आहे,’’ हे ठामपणे म्हणाले.

नशिबाने त्याच क्षणी वीज गेली. दिवा विझला, आणि ह्यांनी अगदी अदबीने दार उघडून विचारलं, ‘‘झालं का गं काम?’’

मी मूठ हातात घेऊन घामाघूम बाहेर आले. दिग्दर्शकाने मुठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘‘म्हणजे हा अभिनय नव्हता?’’

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी पडले सरळ बाई. म्हटलं, ‘‘कसला अभिनय, अडीच तास अडकले होते.’’

त्याचा चेहरा पडला. हनुवटी खाजवून तो म्हणाला, ‘‘उद्या पाचला या. हेच सगळं म्हणून दाखवा. फक्त उद्या अभिनय करा.’’

दुसऱ्या दिवशी मी साडेचारलाच हजर होते. रात्रभर घोकलं होतं. कुठे थांबायचं, कुठे गळा दाटून आणायचा, भाचीच्या वाक्याला किती पाणी डोळ्यांत आणायचं, सगळं बसवलं होतं. मी जीव ओतून म्हटलं.

दिग्दर्शकाने हातातली वही मिटली. मग हळू आवाजात म्हणाला, ‘‘राग मानू नका, पण नाही जमत आहे. कालच एका बाईला हेच बोलताना ऐकलंय मी. तिच्यासारखं नाही येत तुम्हाला.’’

आणि खरं सांगू का, मलाही तसंच वाटलं.