हिंमतरावांचं लाइक

हिंमतराव पाटलांनी स्वतःच्या श्रद्धांजलीच्या फोटोला लाइक केलं, ते वारल्यानंतर नवव्या दिवशी, सकाळी सव्वादहाला. थोड्या वेळाने त्याच फोटोखाली त्यांनी अहिराणीत लिहिलं, "आठे अंधार शे." म्हणजे इथे अंधार आहे. आणि लगेच, "भूक लागनी. कोनी बलावत नही."

ब्राह्मणपुरीच्या त्या घरात चहाचे कप हातातच राहिले.

"नवनीत, तुन्हा बाप उपाशी शे!" हिंमतरावांचे धाकटे भाऊ उमाकांत कापऱ्या आवाजात म्हणाले.

"काका, अण्णाले बटनना फोनबी येत नव्हता!" नवनीत म्हणाला. दिवाळीत अण्णांनी मोठा मोबाईल मागितला होता. "ह्या वयमा?" म्हणून तो हसला होता. ते हसणं आता त्याला छळू लागलं.

दुसऱ्या दिवशी तापीकाठच्या प्रकाशा गावच्या घाटावर पिंड ठेवले. बायका-पोरं वर जीपपाशी थांबली. कावळे भिंतीवर ओळीने बसून राहिले, एकही खाली येईना. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. शेवटी उमाकांतनी मोबाईल काढला.

"कावळाले काय इचारतस? त्यालेच इचारू," म्हणत त्यांनी हिंमतरावांना लिहिलं, "दादा, काय इच्छा ऱ्हायनी?"

उत्तर क्षणात आलं.

"मोबाईल. रोज. पन देतस नहीत."

नवनीत ढसाढसा रडला. ओंजळीत तापीचं पाणी घेऊन ओरडला, "देसू, अण्णा! रोज देसू!"

आणि कावळा पिंडाला शिवला. लोकांनी हात जोडले. तेवढ्यात जीपचं दार उघडून नवनीतची आठ वर्षांची दीपमाला धावत आली. तिच्या हातात आईचा मोबाईल होता.

"पप्पा, खरंच रोज मोबाईल देशात?"

मोबाईलवर हिंमतरावांचा फोटो होता.

"हाई खातं कोनी काढं?" नवनीतने दरडावलं.

"तुम्हीच ना! पाव्हना व्हतात, मी रडू ऱ्हायनू व्हती. मन्हं वय बसत नव्हतं, म्हनीसन आबानं नाव टाकं तुम्ही."

नवनीतला आठवलं. पोरगी गप्प बसावी म्हणून त्याने आजोबांच्या नावाने खातं काढून दिलं होतं आणि तासाभरात विसरूनही गेला होता.

"मंग अंधार?" उमाकांतनी विचारलं.

"दानानी खोलीमा दपी बठनू व्हती. कोनी जेवाले बलावंच नही."

कुणाला वर बघवेना. नऊ दिवस घरात पंगती उठत होत्या, पण पोरगी कुठे लपून बसलीय, तिने खाल्लं का हे एकानेही विचारलं नव्हतं.

पोरीमागून खाली आलेल्या हिंमतरावांच्या पत्नी प्रमिलाबाईंनी हात पुढे केला. "वचन त्याले दिन्हं. त्यान्ही वस्तू मन्हाकडे ऱ्हाई." घरी येताच मोबाईल त्यांनी कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला खोचली.

पंधरा दिवसांनी नवनीत दुपारी शेतातून आला, तेव्हा त्याच्या मोबाईलवर हिंमतरावांचा निरोप होता. "पोरले जेवाडं का?"

दीपमाला शाळेत होती. कपाटाला कुलूप होतं. प्रमिलाबाई भाकरी थापत होत्या.

"माय, तू लिखं का?"

"माले कोठे लिखता येस?"

खुंटीला पोरीचा डबा लटकत होता, सकाळी घरीच राहिलेला. डबा उचलून नवनीत शाळेकडे निघाला.