अक्काच्या दारातला आकडा

माझं शुद्धलेखन चुकेल आणि अक्षर कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं आहे, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. बोलायला गेलं की आवाज घशातच राहतो, म्हणून सुभद्राअक्काबद्दल लिहिते.

करोनाच्या दिवसांत आमच्या चेन्नईतल्या गल्लीला रोजचा आकडा अक्काच्या रांगोळीवरून कळायचा. तिचा भाचा शहराबाहेर सिरुसेरीत कॉम्प्युटरवर कामाला. गल्लीत किती रोगी आहेत ते तो सकाळी फोनवर सांगायचा. आकडा उतरला की अक्का तांदळाच्या पिठाची ऐसपैस ठिपक्यांची रांगोळी काढायची. चढला की हातभर. फारच चढला की बशीएवढी. बशी दिसली की दूधवाला मास्क पार डोळ्यांपर्यंत ओढायचा. आमचे यजमान सोनं गाळायच्या कामाला जातात. तेही जिन्यातून विचारायचे, "आज बशी का परात?"

"आधी आकडा, मग कॉफी," असं अक्काचं ठरलेलं.

अक्का तंजावरकडची मराठी. चेन्नईत जन्म गेला. घराणं तिकडं कधी गेलं विचारलं तर म्हणते, "अस्के राजाबरोबर आले." अस्के म्हणजे सगळे. मी सांगलीकडची. तर मलाच म्हणते, "तुझी मराठी बिघडलीय गे."

लसीसाठी भाच्यानं नाव घातलं होतं, पण फोनवर जागा दिसायची आणि बटण दाबेपर्यंत जायची. तरी अक्का रोज सकाळी इस्त्रीचं लुगडं, आखूड बाह्यांचं पोलकं आणि पायात चपला घालून तयार बसायची. "बोलावलं की मग नेसत बसू होय?" सवय व्हावी म्हणून मला दंडाला चिमटे काढायला लावायची. मी हळूच काढायची.

"जोरात! सुई काय तुझ्यासारखी लाजत येणार?"

शेजारच्या विशालाक्षी मामीशी तिचं बोलणं बंद होतं. मामीनं एकदा वाटीभर तांदळाचं पीठ उसनं नेलं आणि परत देताना वाटी बोटभर उणी भरली, हे कारण. तेव्हापासून दोघी माझ्यामार्फत बोलायच्या. अक्का मला मोठ्यानं सांगायची, "तिला सांग, तिचे ठिपके माझ्या दारात आलेत." मला तमिळ येत नाही. मी मान खाली घालून मध्ये उभी. इतक्या वर्षांच्या शेजारानं मामीला मराठी कळायचं, तिनं ऐकलेलंच असायचं. ती तमिळमध्ये माझ्यावर ओरडायची आणि अक्का त्याचं उत्तर परत मलाच द्यायची. शेवटी म्हणायची, "तू नीट सांगत नाहीस, म्हणून भांडण मिटत नाही."

मग मामीला ताप आला. तिच्या मुलानं तिला दवाखान्यात हलवलं.

पुढं आकडा उतरत गेला. एका सकाळी भाचा म्हणाला, तुमच्या गल्लीत आता एकच. दूधवाला परात बघायला मुद्दाम आत आला. दारात रांगोळीच नव्हती. मधोमध एक ठिपका.

"एकच तर राहिला, अक्का," मी म्हटलं.

"एकच? तो एक म्हणजे विशालाक्षी गे."

कॉफीचं भांडं पालथंच होतं.

नेमका त्याच दुपारी लसीचा नंबर लागला. नुंगंबाक्कमच्या लसीच्या केंद्रावर मी सोबत गेले. नर्स सुई टोचून "झालं" म्हणाली, तर अक्कानं विचारलं, "काय झालं?" माझे सगळे चिमटे फुकट गेले. येताना रिक्षात अक्का दंडावरचा कापूस धरून बसली होती. मग म्हणाली, "तिला तिथं कॉफी कोण देत असेल?"

त्यानंतर रोज तो एकच ठिपका.

आणि मग एका सकाळी दार उघडलं तर पाय ठेवायला जागा नाही. अक्काच्या दारापासून मामीच्या उंबऱ्यापर्यंत रांगोळीच रांगोळी. दूधवाला एका पायावर उभा. मामी मुलाचा हात धरून रिक्षातून उतरली, वाळून काटकुळी झालेली. रांगोळीकडं बघून माझ्यावर ओरडली. "ठिपके माझ्या दारात आले," एवढं तमिळ आता मलाही कळत होतं.

"तिला सांग, पुसते," अक्का म्हणाली. उठली मात्र नाही. "आधी कॉफी घे म्हणावं."

मामी आपल्या घरात गेली. बऱ्याच वेळानं वाटी घेऊन बाहेर आली. तांदळाचं पीठ, अगदी शिगोशीग. अक्कानं वाटी घेतली, कडेवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "तिला सांग, फिटलं."

मी तोंड उघडायच्या आत मामी हसली.