चास्कानं पळवलेली शाल

"कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण हसिंताची शाल अल्पाकानं पळवली!" म्हाताऱ्या तिबुर्सियोनं छाती ठोकून सांगितलं.

नदीकाठी सगळे विस्तवाभोवती बसले होते. त्याच्या बायकोला, हसिंताला, पुरून आज पाचवा दिवस. तिचे कपडे नदीवर धुवायचे आणि जाळायचे, एकही मागं ठेवायचा नाही. राहिला तर मेलेली बाई त्या कपड्यासाठी घरी परत येते, हे पठारावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक! घागरे जळाले, टोपी जळाली. लाल गोंड्यांची शाल तेवढी सापडेना.

"कळपातली कुठली अल्पाका?" मेहुणी रुफिनानं कमरेवर हात ठेवले.

"चास्का! हसिंताची लाडकी. शाल दगडावर वाळत होती. ही बया आली आणि शाल खांद्यावर घेऊन निघाली, लग्नाला निघाल्यासारखी!"

"आणि गाठ कुणी मारली?"

"तिनंच! दातांनी!" कोकाच्या पानांचा तोबरा त्यानं दुसऱ्या गालात सरकवला. "मी धावलो मागं. चढावर ती पुढं, मी मागं. लांबून मला वाटलं, हसिंताच! चालही तीच, डावा पाय जरा ओढत. मी ओरडलो, 'अगं, थांब की!' तर वळली आणि थुंकली तोंडावर!"

"हे मात्र आक्कासारखंच," रुफिना म्हणाली. रडून सुजलेल्या डोळ्यांनी बायका खुदकन हसल्या.

झालं! म्हाताऱ्याला चेव आला. "मग बर्फ लागलं. तिथं उतरला कंडोर! हे एवढं गिधाड, चर्चच्या छपराएवढं! शालीसकट तिला उचललं अन् गेला डोंगरापलीकडं. म्हणजे शाल पोचलीच की हसिंताकडं! आता जाळायचं काय राहिलं? विझवा तो विस्तव!"

कुणी उठेना. सगळे त्याच्या पाठीमागं बघत होते.

कंडोरनं नेलेली चास्का तिथंच उभी होती. म्हाताऱ्याच्या अंगावरच्या लोकरी पोंचोखाली तोंड खुपसून ती काहीतरी ओढत होती. एक लाल गोंडा बाहेर आला. मग दुसरा. तिबुर्सियोनं दोन्ही हातांनी पोट गच्च आवळून धरलं.

रुफिनानं चास्काला बाजूला ढकललं. शालीला मात्र हात लावला नाही.

"दाजी," ती म्हणाली, "कपडा राहिला तर आक्का परत येते, म्हणूनच ना?"