बिनसांध्याचा फ्लोर

कॉव्हेंट्रीतल्या समस्त मराठीजनांना गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते, की मंडळाच्या हॉलमधल्या स्वयंपाकघरात सात दिवस कोणीही पाऊल टाकू नये. टाकल्यास गाठ मोहितेकाकांशी आहे.

ही नोटीस काकांनी स्वतः लिहिली, दारावर चिकटवली आणि त्याच दारात घडीची खुर्ची टाकून ते बसले.

मोहितेकाका कारखान्यांमध्ये रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारं रसायन, पसरून फ्लोर करतात. त्याला फरशी म्हटलेलं त्यांना खपत नाही. "फरशीला सांधे असतात हो! हा इथून तिथवर एक पापड." नवा माणूस भेटला की नाव-गाव नंतर, आधी विचारणार, "जागा किती तास बंद ठेवता येईल?" उत्तरावरून ते फ्लोर ठरवतात आणि माणूसही. "हा दोन तासांचा गडी. पटकन घट्ट होतो, पण वास फार मारतो." मला त्यांनी इपॉक्सी जातीच्या रेझिनमध्ये काढलंय: सावकाश, पण टिकाऊ. यातल्या पहिल्या अर्ध्याशी माझी बायको सहमत आहे.

तर रविवारी मंडळाचा दिवाळी फराळ, आणि हॉलच्या स्वयंपाकघराच्या नव्या फ्लोरला काकांनी निवडली ती नेमकी सात दिवस घेणारी इपॉक्सी! दुसऱ्याच दिवशी आमची सेक्रेटरी टीना काळजीनं येऊन बोट लावून गेली. ती इथंच जन्मलेली.

"काका, फ्लोर वाळली आहे."

"वाळला! आणि वाळणं वेगळं, मुरणं वेगळं. आज फ्रीज ओढलास तर जन्माची चरी पडेल. लोणचं पहिल्याच दिवशी खातेस का?"

"हो."

काकांनी विषय बदलून चहा मागितला. मंडळाच्या इतिहासात हे प्रथमच घडलं.

बाहेर ऑक्टोबरचा गारठा. थंडीत मुरायला वेळ लागतो म्हणून काकांनी हीटर आणले, भिंतीला थर्मामीटर टांगला. आम्ही पाळीपाळीनं डबा आणि चहा नेत होतो. नेणारा तासभर अडकायचा. काकू गेल्यापासून काका घरी एकटेच, त्यामुळे उठवत नसे. उठलोच तर म्हणायचे, "बसा की! अजून मुरतोय."

शनिवारी नोटीस उतरली. आम्ही श्वास रोखून फ्रीज ओढला. ओरखडासुद्धा नाही! टाळ्या झाल्या, चकल्यांचं तेल तापलं, आणि टीना आठवल्यासारखं म्हणाली,

"काका, शेजारच्या बेकरीची फ्लोर पण तुम्हीच केली ना? ते सांगत होते, एका रात्रीत झाली. वास पण नव्हता. मग आपल्याला सात दिवस का?"

झारे थांबले. सगळे काकांकडे बघायला लागले. काकांनी थर्मामीटर काढला, पुसला, पुन्हा पुसला. त्यांचे कान लाल झाले होते.

"अगं," ते एकदम बोलून गेले, "बेकरीवाल्यांना मराठी कुठं येतं?"